पाय दोन, मात्रा तीन

बॅलेच्या शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलांना पहिले काही महिने भिंतीलगतच्या लाकडी दांड्याला धरून उभे राहण्यापलीकडे फारसे काही करावयास मिळत नाही. गुडघे वाकवावयाचे, टाचा उचलावयाच्या, पाय पुढे सरकवून पुन्हा जागेवर आणावयाचा, एवढाच तो अभ्यास. मग एके दिवशी पियानोवादक चाल बदलतो, तीन मात्रांचे संगीत सुरू होते आणि शिक्षिका सांगते की, आता दांडा सोडा आणि खोलीच्या मध्यभागी या. मुले मोठ्या आनंदाने येतात आणि दोन-चार पावलांतच अडखळतात. कारण अगदी साधे आहे. माणसाला पाय दोन आणि संगीताच्या मात्रा तीन.

आपले चालणे हे दोहोंच्या हिशेबाचे असते. उजवा, डावा, उजवा, डावा. शिपायांचे कूच असो की वारकऱ्यांची दिंडी असो, जोराचे पाऊल एकाच पायावर पुन्हा पुन्हा पडत राहते आणि शरीराला त्याची सवय झालेली असते. तीन मात्रांच्या संगीतात प्रत्येक मात्रेला एक पाऊल टाकले, तर पहिल्या खेपेचा जोर उजव्या पायावर येतो, दुसऱ्या खेपेचा डाव्यावर. आपल्याकडे ज्यांनी दादऱ्याचा ठेका ऐकला आहे, त्यांना हे चटकन उमजेल. ‘धा धी ना, धा ती ना’ या सहा मात्रांत समेला उजवा पाय पडला, की खालीला डावा पडणार, आणि आवर्तन पुरे झाल्यावरच उजव्याची पाळी पुन्हा येणार. फरक इतकाच की, दादऱ्यातील खाली हलकी असते. वॉल्ट्झमध्ये मात्र डाव्या पायालाही उजव्याइतकाच मान द्यावा लागतो. ही समता शरीराला शिकविणे म्हणजेच वॉल्ट्झचा पहिला धडा होय.

येथे कोणी विचारील की, वॉल्ट्झपूर्वी युरोपात तीन मात्रांची नृत्ये नव्हती काय? होती. फ्रान्सच्या दरबारातील मिन्युएट तीन मात्रांचेच होते. परंतु त्यातील पावलांची बांधणी सहा मात्रांत चार पावले अशी असे. चार ही सम संख्या असल्यामुळे प्रत्येक नवे चक्र त्याच पायाने सुरू होई आणि अडचण आपोआप टळे. दरबारी नृत्यगुरूंनी तीनाचा प्रश्न अशा रीतीने झाकून ठेवला होता म्हणावयास हरकत नाही. तो उघडा केला तो खेडुतांनी. ऑस्ट्रिया आणि बव्हेरिया या डोंगराळ मुलुखांत लेंडलर नावाचे जोडीचे नृत्य चाले. जाड तळव्यांचे जोडे घालून, उड्या घेत, पाय आपटीत आणि गिरक्या मारीत ते नाचले जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नृत्य शहरात आले. तेथे दिवाणखान्यांची लाकडी जमीन गुळगुळीत होती आणि पायांत पातळ जोडे होते. साहजिकच उड्या गेल्या आणि घसरती पावले आली. ‘वॉल्ट्झन’ या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी गोल फिरणे, घरंगळणे असा आहे.

रंगभूमीवर हे नृत्य लवकरच पोचले. १७८६ साली व्हिएन्नात मार्तीन इ सोलेर या स्पॅनिश संगीतकाराच्या ‘उना कोझा रारा’ या संगीतिकेत वॉल्ट्झ दिसला. पॅरिसच्या ऑपेरागृहात त्याला १८०० साली प्रवेश मिळाला. पिएर गार्देल या नृत्यगुरूने ‘ला दांसोमानी’, म्हणजे नृत्याचे वेड, या नावाचा एक विनोदी बॅले रचला. संगीत मेयुल याचे होते. नाचाच्या नादाने पछाडलेला एक गृहस्थ, केवळ नाचता येत नाही म्हणून, एका चांगल्या तरुणाला आपली मुलगी देण्याचे नाकारतो, अशी त्याची कथा. क्रांतीनंतरच्या पॅरिसला ही थट्टा फार आवडली. त्यात वॉल्ट्झ होता, परंतु तो होता हसण्यासाठी, नव्या फॅशनचा एक नमुना म्हणून. शास्त्रशुद्ध नृत्याच्या गुरूंनी त्याला अजून आपल्या पंक्तीला बसविले नव्हते.

त्यांचा संकोच समजण्यासारखा होता. मिन्युएटमध्ये स्त्रीपुरुष एकमेकांना केवळ बोटांनी स्पर्श करीत. वॉल्ट्झमध्ये पुरुषाचा हात स्त्रीच्या कमरेला असे आणि दोघे समोरासमोर, जवळजवळ छातीला छाती लावून फिरत. १८१३ साली लॉर्ड बायरनने टोपणनावाने या नृत्यावर एक उपहासकाव्य छापले. त्याच्यासारख्या माणसाने इतरांना सभ्यतेचे धडे द्यावेत, ही गंमत वेगळीच. १८१६ साली इंग्लंडच्या युवराजाने दिलेल्या मेजवानीत वॉल्ट्झ झाला, तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राने कुलीन घराण्यांतील मुलींच्या पालकांना कडक शब्दांत सावध केले. त्याच वर्षी त्याच लंडनमध्ये टॉमस विल्सन या नृत्यशिक्षकाने वॉल्ट्झच्या योग्य पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. निषेध आणि क्रमिक पुस्तक दोन्ही एकाच वर्षी निघावीत, यातच निकाल काय लागणार ते दिसून येते. पुढे हेच नृत्य समुद्र ओलांडून दूरदूर गेले. गोव्यातील ख्रिस्ती लग्नघरी वॉल्ट्झ आजही नाचला जातो. आणि त्याच घरातल्या मांडोत मात्र स्त्रिया व पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहून, संथ पावलांनी, मधले अंतर राखूनच नाचतात. एकाच अंगणात दोन मर्यादा नांदतात.

बॅलेने या पेचातून जी वाट काढली ती मोठी चतुराईची होती. त्याने जोडी सोडविली. वॉल्ट्झमधील मिठी बाजूला ठेवली आणि त्यातील हेलकावा, गिरकी व सरकणे ही तीन अंगे सुटी करून एकेकट्या नर्तकाच्या हवाली केली. शाळेत आज शिकविली जाणारी पावले ही या वाटणीचीच फळे आहेत.

त्यांतले पहिले ‘बालान्से’. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ झुलणे. विद्यार्थी उजवा पाय बाजूला टाकतो आणि गुडघा किंचित वाकवून सारा भार त्यावर घेतो. ही पहिली मात्रा. डावा पाय उजव्या घोट्याच्या मागे येतो आणि क्षणभर त्याच्या चवड्यावर शरीर उचलले जाते, ही दुसरी. तिसऱ्या मात्रेला भार पुन्हा उजव्या पायावर उतरतो. खाली, वर, खाली. आता गंमत पाहावी. तिसऱ्या मात्रेच्या अखेरीस भार उजव्यावर असल्यामुळे डावा पाय मोकळा असतो, आणि पुढचे पाऊल डावीकडे टाकण्यावाचून गत्यंतरच नसते. तीन मात्रांची आणि दोन पायांची तडजोड येथे शरीर स्वतःच करते. मुलाला हिशेब करावा लागत नाही. दुसऱ्या प्रकारात, ज्याला नुसतेच वॉल्ट्झचे पाऊल म्हणतात, नर्तक पुढे सरकतो: पहिले पाऊल पूर्ण तळव्यावर, गुडघा वाकवून, उरलेली दोन चवड्यांवर, उंच. खाली, वर, वर. हेच पाऊल फिरत फिरत टाकले की एका खेपेला अर्धी गिरकी होते, दोन खेपांत पुरी. शरीर वळत असताना दृष्टी समोरच्या एका बिंदूवर रोखून धरावयाची आणि अगदी शेवटी मान झटकन वळवून पुन्हा तोच बिंदू गाठावयाचा, ही युक्ती शिकविली नाही तर मुलांना घेरी येते.

चुका कोठे होतात हे शिक्षकांना पाठ असते. मुले पहिल्या मात्रेला वाकण्याऐवजी उडी मारतात. दुसऱ्या मात्रेचे उचलणे विसरतात, मग पाऊल जड होऊन नुसते लंगडल्यासारखे दिसते. पाय सांभाळण्याच्या नादात खांदे ताठ होतात आणि हात काठ्यांसारखे लोंबतात. चांगला शिक्षक अशा वेळी पावले थांबवितो आणि मुलांना जागेवर उभे करून केवळ पहिल्या मात्रेवर टाळी देण्यास सांगतो. व्हिएन्नाचे वादक दुसरी मात्रा किंचित अगोदर घेतात. त्या घाईनेच शरीर वर खेचल्यासारखे होते. आधी कान शिकतो, पाय नंतर, हे आपल्याकडील तबल्याच्या उस्तादांना वेगळे सांगावयास नको.

पॅरिसमध्ये २८ जून १८४१ रोजी ‘जिझेल’ हा बॅले प्रथम रंगभूमीवर आला आणि वॉल्ट्झची थट्टा कायमची थांबली. तेओफील गोतिए या कवीला कथेची कल्पना सुचली ती दोन ठिकाणांहून: हायने या जर्मन कवीने सांगितलेल्या व्हिली नावाच्या अतृप्त नृत्यपिशाचांच्या दंतकथेतून, आणि नाचाच्या वेडापायी प्राण गमावणाऱ्या एका स्पॅनिश मुलीवरील व्हिक्टर ह्यूगोच्या कवितेतून. कार्लोत्ता ग्रिसीने रंगविलेली जिझेल ही खेड्यातील एक साधी मुलगी. तिचे हृदय अशक्त आहे, आई तिला नाचू नकोस म्हणून विनवते, आणि तरीही द्राक्षांच्या हंगामात ती वॉल्ट्झ नाचते. संगीतकार आदाँ याने तो वॉल्ट्झ अगदी निरागस ठेवला आहे. प्रेक्षकांना ठाऊक असते की ही पावले तिला मानवणारी नाहीत. तिला मात्र त्यात केवळ आनंद दिसतो. ज्या नृत्याविरुद्ध वृत्तपत्रे आणि पालक पंचवीस वर्षे ओरडत होते, त्याच नृत्याच्या भयातून बॅलेने आपली सर्वांत हृदयद्रावक नायिका घडविली. दुसऱ्या अंकात मेलेल्या मुली पुरुषांना नाचवून नाचवून मारतात. बायरनच्या उपहासापेक्षा हा विचार खोल होता, असेच म्हणावे लागेल.

पुढील पन्नास वर्षांत वॉल्ट्झ हा बॅलेचा जणू प्राणवायू झाला. देलीबचा ‘कोपेलिया’ १८७० चा. चायकोव्स्कीचा ‘हंससरोवर’ १८७७ चा. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयोग झाला तो सेंट पीटर्सबर्गला, १८९० साली, ‘निद्रिस्त सुंदरी’त. नृत्यरचनाकार मारियुस पेतिपा याने चायकोव्स्कीला प्रसंगागणिक मात्रांच्या खंडांची संख्यासुद्धा लिहून दिली होती. एखाद्या सुताराने मापे द्यावीत तशी. पहिल्या अंकात राजकन्येच्या वाढदिवसाला गावकरी फुलांच्या कमानी घेऊन वॉल्ट्झ नाचतात. त्या समूहात पेतिपाने थोरांबरोबर शाही नृत्यशाळेतील लहान मुलांनाही उभे केले. अशा मुलांना अवघड उड्या येत नाहीत. पण झुलण्याचे आणि सरकण्याचे पाऊल येते. तेवढ्या भांडवलावर ती एका महान संगीतरचनेत मानाने सामील होऊ शकली. दोन वर्षांनी आलेल्या ‘नटक्रॅकर’मध्ये हिमकणांचा वॉल्ट्झ आहे. तेथे चायकोव्स्की तीन मात्रांच्या चौकटीत दोन-दोनांचे गट असे काही गुंफतो की, ऐकणाऱ्याला सम कोठे आहे हेच कळेनासे होते. शाळेत टाळी देऊन पक्का केलेला कान तेथे कसाला लागतो.

या सेंट पीटर्सबर्गच्या शाळेतून पुढे एक मुलगा शिकून बाहेर पडला. ‘निद्रिस्त सुंदरी’त लहानपणी त्याने मदनाच्या बालसोबत्याचे काम केले होते. जन्म १९०४ चा. जग त्याला जॉर्ज बालांशीन या नावाने ओळखते. १९२४ साली त्याने रशिया सोडला आणि १९३३ साली तो अमेरिकेत आला. त्या देशात तेव्हा आर्थिक मंदीचे दिवस होते आणि बॅलेची म्हणावी अशी परंपरा नव्हती. लिंकन कर्स्टाइन याच्या साहाय्याने त्याने जानेवारी १९३४ मध्ये न्यूयॉर्कला शाळा उघडली. आलेल्या मुली निरनिराळ्या शिक्षकांकडे कमीअधिक शिकलेल्या होत्या. त्यांना रंगभूमीची सवय व्हावी म्हणून मार्चमध्ये त्याने चायकोव्स्कीच्या तंतुवाद्यांच्या ‘सेरेनेड’वर एक रचना बसवावयास घेतली. पहिल्या संध्याकाळी १७ मुली हजर होत्या, म्हणून १७ जणींची रचना केली. पुढे कधी नऊ आल्या, कधी सहा. त्याने तितक्याच घेऊन पुढचा भाग बसविला. एकदा एक मुलगी पडली आणि रडू लागली. ते पडणे त्याने रचनेतच ठेवले. एकदा एक मुलगी उशिरा आली, तेही ठेवले.

हा ‘सेरेनेड’ १० जून १९३४ रोजी न्यूयॉर्कजवळ एका बागेत, उघड्या आभाळाखाली, विद्यार्थिनींनी प्रथम सादर केला. आजही तो जगभर नाचला जातो. पडदा उघडतो तेव्हा सतरा मुली एक हात उंचावून, पाय सरळ समांतर ठेवून, सामान्य माणसे उभी राहतात तशा उभ्या असतात. मग एका क्षणी सर्वांची पावले एकदम बाहेर वळतात आणि बॅलेची पहिली स्थिती तयार होते. दांड्याला धरून शिकलेला पहिला धडा तो हाच. पहिला भाग संपता संपता सर्वजणी पुन्हा आरंभीच्याच जागी, हात उंचावून उभ्या राहतात. तेवढ्यात उशिरा आलेली ती मुलगी रांगांमधून आपली जागा शोधीत येते, सापडल्यावर इतरांसारखीच उभी राहते आणि हात वर करते. बाकीच्या मुली वळून हळूहळू निघून जातात. मागच्या बाजूने एक पुरुष चालत येतो, तिच्या खांद्याला स्पर्श करतो, आणि वॉल्ट्झ सुरू होतो.