वाटणीतले बैल

भाऊबीजेला जळकोटला ओट्यावर बसलो की राजकारणानंतर क्रिकेट येतंच. यंदा भाच्याने विचारलं, "मामा, पाच वेळा जिंकलेली मुंबई इंडियन्स 2022 आणि 2024 मध्ये शेवटून पहिली कशी आली?"

ओट्याचं उत्तर तयार होतं, हार्दिक पंड्या! पण 2022 मध्ये तो गुजरात टायटन्सकडे होता. तरी मुंबई सलग पहिले आठ सामने हरली आणि 14 पैकी 4 जिंकून तळाला गेली.

माझ्या मते दुखणं त्याच साली सुरू झालं. 2013 ते 2020 मधली पाच विजेतेपदं वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्या गड्यांची होती. 2022 ला संघ दहा झाले, मोठा लिलाव ठरला आणि जुने चारच खेळाडू ठेवता आले. रोहित, बुमराह, सूर्यकुमार, पोलार्ड राहिले. हार्दिक, कृणाल, बोल्ट, डी कॉक गेले. त्यात आर्चरवर 8 कोटी लावले, जो दुखापतीमुळे त्या वर्षी खेळणारच नव्हता. 2023 मध्ये बुमराहही पूर्ण हंगाम बाहेर.

मला आमच्या घरची वाटणी आठवली. शेत अगदी सारखं वाटलं, कुणावर अन्याय नाही. पण जोडीतला एक बैल आमच्याकडे, एक काकांकडे! वापसा आला तरी दोन्ही तिफणी उभ्या. दोघांचीही पेरणी मागे पडली.

2024 साठी हार्दिक परत आला, तो थेट कर्णधार म्हणून. 2013 मध्येही हंगामाच्या मध्यावर कर्णधार बदलला होता. पण तेव्हा पाँटिंग स्वतः बाजूला झाला आणि घरातलाच रोहित पुढे आला. या वेळी वानखेडेवर लोकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. खोटं कशाला बोलू, टीव्हीसमोर मीही उडवली. पुन्हा 14 पैकी 4.

त्याच वर्षी 29 जूनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक हार्दिकने टाकलं, कर्णधार रोहित होता. भारत 7 धावांनी जिंकला. हार्दिक रडला, आणि मला माझीच लाज वाटली. 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला.

असो. काका हा ब्लॉग वाचतात असं चुलतभाऊ म्हणाला. काका, त्या साली मी तुमच्याशी बोलणं सोडलं होतं. चूक तुमची नव्हती, वाटणीची होती. या मृगाला बांधावर येतो. चहा ठेवा.