फुटबॉलच्या हेल्मेटची कुळकथा

१८९३ सालच्या हिवाळ्यात अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत शिकणाऱ्या जोसेफ रीव्ह्जला डॉक्टरांनी बजावलं, डोक्यावर आणखी एक लाथ बसली तर वेड लागेल, नाहीतर जीव जाईल. लष्करी अकादमीशी सामना तोंडावर आला होता. रीव्ह्जने खेळ सोडला नाही. गावातल्या जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्याने मोलस्किनच्या जाड कापडाची टोपी शिवून घेतली आणि मैदानात उतरला. अमेरिकन फुटबॉलच्या हेल्मेटचा मूळपुरुष म्हणून हीच टोपी सांगतात. रीव्ह्ज पुढे नौदलात अ‍ॅडमिरल झाला.

त्या काळचा खेळ म्हणजे उघडउघड झुंज. हार्वर्डच्या पोरांनी १८९२ मध्ये एकमेकांना बिलगून पाचरीसारखा व्यूह रचला आणि धावत जाऊन येलच्या खेळाडूंवर आदळले. या खेळात इतके तरुण दगावत होते की, १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे घोळक्यातली रेटारेटी कमी व्हावी. आज ज्या लांबलचक फेकीसाठी स्टेडियम उभं राहतं, ती फेक त्या मृत्यूंमुळे खेळात आली, हे मला विसरता येत नाही.

टोपीही बदलत गेली. आधी चामड्याची, मग १९३९ मध्ये शिकागोच्या रिडेल कंपनीची प्लास्टिकची. आत कापडी पट्ट्यांची जाळी ताणलेली, त्यामुळे डोकं कवचाला टेकत नसे, मध्ये मोकळी जागा राही. व्यावसायिक लीगने १९४३ पासून हेल्मेट सक्तीचं केलं. १९४८ मध्ये रॅम्स संघाच्या फ्रेड गेर्केने, तो स्वतः खेळाडू आणि चित्रकला शिकलेला, संघाच्या हेल्मेटांवर मेंढ्याची शिंगं रंगवली. त्या रंगात प्रेक्षकांचा जीव अडकला. चेहरा झाकलेला असला तरी कळपातला आपला गडी लांबून ओळखू येऊ लागला.

पुढे तोंडासमोर जाळी आली आणि नाकाडोळ्यांची भीती सरली. मग डोकं खाली घालून ते भाल्यासारखं प्रतिस्पर्ध्यावर खुपसण्याची रीत पडली. संरक्षणासाठी घातलेलं कवच हत्यार झालं. १९६८ च्या एका हंगामात खेळातल्या थेट इजांनी ३६ जण गेले. १९७६ मध्ये शाळा-कॉलेजांत डोक्याने भिडण्यावर बंदी आली, हेल्मेटांची कसून चाचणीही होऊ लागली, आणि १९९० मध्ये असा एकही मृत्यू नोंदला गेला नाही.

कवटी वाचली, पण मेंदूचा प्रश्न राहिला. टक्कर झाली की कवटी थांबते, आतला मेंदू मात्र हिसका खाऊन हलतो, आणि ही हालचाल कोणतंही हेल्मेट पूर्णपणे रोखू शकत नाही. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेबस्टर चार सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचे अंतिम सामने, जिंकलेला गडी. उत्तरायुष्यात स्मृती आणि मन हरवून २००२ मध्ये पन्नाशीतच गेला. त्याच्या मेंदूची तपासणी डॉ. बेनेट ओमालू यांनी केली आणि वारंवार बसलेल्या हिसक्यांच्या खुणा त्यांना त्यात सापडल्या. २००५ मध्ये तो निष्कर्ष छापून आला. मैदानं तरीही भरतात, कारण ती इजा स्टेडियममधून दिसत नाही, चेंडू हवेत दिसतो.

२०१८ पासून व्यावसायिक लीगमध्ये डोकं खाली घालून हेल्मेटने टक्कर दिली की १५ यार्डांचा दंड बसतो. नव्या हेल्मेटपेक्षा मला हा नियम जास्त मोलाचा वाटतो, कारण तो टक्कर देणाऱ्यालाच आवरायला सांगतो.