जाहीर, हजर आणि संकेत

‘जाहिरात’ हा शब्द मराठीत एकवचनी, स्त्रीलिंगी. एक जाहिरात, दोन जाहिराती. पण त्याच्या शेवटचे ‘-आत’ पाहिले की शंका येते. अरबीत ‘ज़ाहिर’ म्हणजे उघड, दिसणारे. त्याला अनेकवचनाचा ‘-आत’ लागून ‘ज़ाहिरात’, म्हणजे उघड झालेल्या गोष्टी, असा हा शब्द घडला असावा. तसे असेल तर ‘जाहिराती’ हे अनेकवचनाचे अनेकवचन ठरते. मराठीला त्याचे काही वाटत नाही. ‘अमीर’चे अनेकवचन ‘उमरा’ घेऊन तिने एकट्यादुकट्या सरदाराला उमराव केले. ‘खैर’चे अनेकवचन ‘खैरात’ एकवचनी करून वाटून टाकले. ‘कायदा’चे अनेकवचन ‘कवाइद’ उचलून त्याची शिपायांची कवायत केली. ‘जवाहिरात’ तर आपल्या दारी येण्याआधीच दोनदा अनेकवचन होऊन आलेला: जौहरचे जवाहिर, जवाहिरचे जवाहिरात.

गंमत अशी की गुजरातीत ‘जाहेरात’ आहे आणि कन्नडमध्येही ‘जाहीरातु’. जुना मुंबई इलाखा डोळ्यांपुढे आणला तर हा शब्द त्याच्या नकाशावर बऱ्यापैकी बसतो, तेव्हा छापखाने आणि कचेऱ्या यांनीच तो फिरवला असावा. इलाख्याबाहेर पडले की चित्र बदलते. उर्दूत ‘इश्तिहार’, म्हणजे ‘मशहूर’ आणि ‘शोहरत’ यांच्या घरातला. हिंदी आणि बंगालीत ‘विज्ञापन’.

या विज्ञापनाशी आपली जुनी ओळख आहे, फक्त वेगळ्या पोशाखात. पेशवाईतल्या पत्रांत वडिलधाऱ्याला किंवा धन्याला लिहिताना मजकुराआधी ‘विज्ञापना’ येते, बरोबरीच्या माणसाला बहुधा ‘विनंती’ पुरते. पण हे दोन्ही शब्द मुळात भावंडे आहेत. ‘विज्ञप्ति’चे प्राकृतात ‘विण्णत्ति’ झाले आणि त्यातून आपली विनंती. ‘विज्ञापयति’चे ‘विण्णवेइ’ झाले आणि त्यातून आपले विनवणे. म्हणजे हिंदी दुकानदार विनवतो, मराठी दुकानदार उघड करतो, उर्दूवाला नाव गाजवतो. इंग्रजीचा ‘ॲडव्हर्टाइज’ लॅटिन ‘व्हर्तेरे’, म्हणजे वळणे, यावरून आला. गिऱ्हाइकाची मान आपल्याकडे वळवायची. हा ‘व्हर्तेरे’ आणि संस्कृत ‘वृत्’ हे चुलतभाऊ. वृत्त, वार्ता, वर्तमानपत्र ही सगळी ‘वृत्’ची प्रजा. वर्तमानपत्रातली जाहिरात ही तेव्हा इंग्रजीच्या बाजूने पाहिली तर नात्यातल्या घरी उतरलेली पाहुणी म्हणावी लागेल.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे छोट्या व्यावसायिकांची हल्लीची सार्वत्रिक तक्रार. वेबसाइट केली, पैसे घातले, पण गूगलवर ‘दिसत नाही’. तक्रारीतले क्रियापद पाहा. व्यावसायिकाला ‘ज़ाहिर’ व्हायचे आहे आणि तो झाला आहे नुसता ‘हाज़िर’. आपल्या कानाला दोन्हीकडे ‘ज’च ऐकू येतो, पण अरबीत ही दोन वेगळी अक्षरे. फारसीने दोघांचाही ‘ज़’ केला आणि मराठीने तो ‘ज’ करून घेतला. ‘हजर’चे घराणे मोठे: हजेरी, हुजूर, आणि वतनाच्या तंट्यात गोतसभेपुढे लिहिला जाणारा ‘महजर’ही त्यातलाच. ‘जाहीर’चे घराणे निराळे, दुपारच्या नमाजाचे ‘जुहर’ हे नाव त्यात येते, सूर्य सर्वांत उघड असण्याच्या वेळेवरून पडले असावे. वेबसाइट सुरू झाली की हजेरी लागते. गूगलच्या वहीत नोंद होणे ही हजेरीच. शोधणाऱ्याच्या पहिल्या पाच-दहा निकालांत येणे हे जाहीर होणे. या दोहोंच्या मधल्या अंतरावर एसईओ नावाचा अख्खा धंदा उभा आहे.

मराठीने वेबसाइटला ‘संकेतस्थळ’ म्हटले. ज्याने कोणी हा शब्द घडवला त्याला संस्कृत काव्य आठवत होते की नाही, कळायला मार्ग नाही. आठवत असेल तर तो माणूस मिश्कील असला पाहिजे. संस्कृतात संकेतस्थान म्हणजे प्रेमिकांनी चोरून भेटायचे ठरवलेले ठिकाण. तिकडे रात्री निघते ती अभिसारिका. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ नायिका नव्या अर्थाने वाचून पाहाव्यात. घर सजवून, दिवे लावून वाट पाहत बसलेली ती वासकसज्जा: नवी वेबसाइट, फिरती चित्रे, ‘आमच्याविषयी’चे लांबलचक पान. ठरल्या जागी कोणी आलेच नाही, ती विप्रलब्धा. आणि दुसरीकडे रात्र काढून, तिथल्या खुणा अंगावर घेऊन सकाळी परतलेल्यावर रागावते ती खंडिता. शेजारच्या दुकानाची पिशवी हातात घेऊन आपल्याकडे सुट्टे पैसे मागायला आलेले गिऱ्हाईक पाहिलेल्या कोणालाही ही नायिका समजावून सांगावी लागणार नाही.

महाराष्ट्री प्राकृतातल्या हालाच्या गाथासप्तशतीत तर संकेतस्थळ हरवण्याचे दुःखही आहे. साळीची शेते पिकून पांढरी पडली, आता कापणी होणार, म्हणून एक तरुणी मान खाली घालून रडते. तिची समजूत काढणारी सांगते की तागाची शेते आता पिवळी फुलून उभी आहेत ना. दुकानाने नाव किंवा डोमेन बदलले, जुनी पाने काढून टाकली, की येणाऱ्याला ‘४०४’ची पाटी दिसते, साळ कापली गेली. अशा वेळी जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचा वळसा लावून द्यायचा असतो, त्याला तांत्रिक भाषेत ‘३०१’ म्हणतात. गाथेतली ती शहाणी मैत्रीण हेच काम करते आहे. छोटे दुकानदार नवी वेबसाइट करताना नेमके हे विसरतात, आणि जुन्या पानांनी मिळवलेली सगळी ओळख कापणीबरोबर जाते.

पण ‘संकेत’ला याहून खोल अर्थ आहे आणि माझ्या मते वेबसाइटवाल्यांनी तोच धरावा. न्यायशास्त्रात संकेत म्हणजे शब्द आणि अर्थ यांमधला करार: या शब्दावरून हा अर्थ समजावा. जुन्या नैयायिकांनी हा करार ईश्वरेच्छेवर सोपवला, नव्यांना माणसाची इच्छाही चालली. शोधयंत्राच्या दारात तो गिऱ्हाइकाच्या इच्छेवर असतो. दुकानदाराने आपल्या मालाला काय नाव दिले याला तिथे फारशी किंमत नाही. शोधणारा काय टाइप करतो त्यावर गाठ पडते किंवा चुकते.

पुण्यात घरगुती जेवण देणाऱ्या बाईंचे उदाहरण घ्या. पाटीवर ‘भोजनालय’. पेठेतला जुना माणूस म्हणणार ‘खानावळ’. परगावचा विद्यार्थी शोधणार ‘मेस’, नोकरदार ‘डबा’, आणि आयटीतला कोणी ‘टिफिन’. पाच शब्द, भूक एक. ‘मेस’ लॅटिनमधल्या ‘मिस्सुस’वरून, म्हणजे पुढे ठेवलेले, वाढलेले, तेव्हा लष्करी वाटणारा हा शब्द मुळात ताटाचाच आहे. ‘टिफिन’ ही हिंदुस्थानातल्या इंग्रजांची बोली, ‘टिफिंग’ म्हणजे घोट घेणे यावरून आलेली दिसते. पेयाचा शब्द पोळीभाजीवर स्थिरावला. ‘खानावळ’ मात्र कोड्यात टाकते. ‘खाणे’पासून असेल तर ‘ण’ हवा, आणि ‘खाणावळ’ असेही लिहिणारे आहेतच. ‘न’ धरला तर हिंदी ‘खाना’ आठवतो, किंवा कारखाना-दवाखान्यातला फारसी ‘खाना’, म्हणजे घर. शेपटीचा ‘आवळ’ हा ‘आवलि’, म्हणजे पंगत, असावा असे म्हणायचा मोह होतो. पण दीपावलीची ‘दिवाळी’ झाली तशी इथे ‘खाणाळी’ का झाली नाही, याचे उत्तर द्यावे लागेल.

कोडे सुटेपर्यंत त्या बाईंनी हे पाचही शब्द आपल्या पानावर, जिथे ते वाक्यात सहज बसतील तिथे, लिहावेत. पानाच्या शीर्षकात सर्वांत जास्त विचारला जाणारा शब्द आणि वस्तीचे नाव असावे. हा शब्द कोणता, हे त्यांना बाहेर कोणाला विचारायला नको. फोनवर नवे माणूस पहिल्या वाक्यात जे म्हणते, तोच. रोमन लिपीत शोधणारेही पुष्कळ, आणि रोमनमध्ये ‘डबा’ला ‘बी’ एक की दोन यावर महाराष्ट्राचे एकमत नाही. इंजिन समानार्थी शब्द काही प्रमाणात ओळखते, पण मराठीत त्याच्या व्यासंगावर फार विसंबू नये.

म्हणून कोणी एका पानावर ‘पुण्यातील उत्तम मेस’ तीस वेळा लिहितो. याला मराठीत आधीच शब्द आहे: खोगीरभरती. खोगीर हा फारसी ‘ख़ूगीर’, म्हणजे घोड्याचा घाम टिपून घेणारे, असा फोडता येतो. त्यात चिंध्या कोंबायच्या. गूगलने २०११च्या ‘पांडा’ बदलापासून पोकळ पाने मागे ढकलायला सुरुवात केली, आणि ते करताना नकळत ‘शोध’ या शब्दाच्या मूळ अर्थाकडे ते गेले. ‘शुध्’ म्हणजे स्वच्छ होणे. संस्कृतात शोधन म्हणजे गाळणे, निवडणे, कर्ज फेडणेसुद्धा. चाळून कचरा काढला की हवे ते हाती येते, त्यावरून शोधणे म्हणजे धुंडाळणे झाले असावे. मारुतीने लंकेत केलेली ती ‘सीताशुद्धी’. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तो शोधही आणि शुद्धीही. मराठीत संशोधन म्हणजे नवे शोधणे. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, घटनेची असो की मुद्रिताची. दोन भाषांनी एका धातूची दोन टोके धरली. इंग्रजी ‘सर्च’ला स्वच्छतेशी देणेघेणे नाही, तो लॅटिन ‘सर्कारे’, गोल फिरणे, यावरून आला, सर्कशीचा सोयरा. गूगलचा यांत्रिक कोळी वेबभर फेऱ्या घालतो तो सर्च, आणि मग चाळतो तो शोध, अशी वाटणी करायला हरकत नाही.

‘दुवा’ हा मात्र मराठीला मिळालेला योगायोग. साखळीच्या दोन कड्यांना जोडणारा दुवा, ‘दोन’शी नाते सांगणारा असावा, तोच आपण लिंकला लावला. दुसरा दुवा अरबी ‘दुआ’, आशीर्वाद. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये जी पद्धत बसवली, तिच्यात हे दोन्ही दुवे एक झाले: दुसऱ्या पानाने आपल्याकडे दुवा दिला की तो आशीर्वाद म्हणून मोजायचा, आणि देणारा जितका मातबर तितका आशीर्वाद वजनदार. महजरावर पाटील-कुलकर्ण्यांच्या सह्या, कुणब्याचा नांगर, बलुतेदारांच्या निशाण्या पडत, आणि दाव्याचे वजन त्यांवर ठरे, तसेच हे. मग विकतचे आशीर्वाद आले. २०१२च्या ‘पेंग्विन’ बदलाने त्यांच्यावर टाच आणली. ‘पाचशे दुवे अमुक रुपयांत’ अशा निरोपांना छोट्या दुकानदाराने अजूनही उत्तर देऊ नये. त्याला खरे दुवे देणारे थोडेच असतात: गावातले वर्तमानपत्र, व्यापारी संघटना, माल पुरवणारा, ज्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्याने जेवण दिले ती शाळा. तेवढे पुरतात.

‘माझ्या जवळचे’ असे शोधणाऱ्यांसाठी गूगल तीन गोष्टी पाहते असे ते स्वतःच सांगते: विचारलेल्याशी जुळणे, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर दुकानदाराच्या हातात नाही. ‘जवळ’ हा शब्द ‘यमल’, म्हणजे जुळे, यावरून आला असावा. जावळी मुले म्हणतो ते त्यातलेच. पत्ता मात्र त्याच्या हातात आहे. आपल्याकडे ‘पत्ता’ म्हणजे ठिकाण आणि ‘पत्ता लागणे’ म्हणजे माग लागणे. ‘बेपत्ता’त दुसराच अर्थ उरला आहे. नकाशावर एक नाव, वेबसाइटवर दुसरे, पाटीवर तिसरे, जुना फोन अजून कुठेतरी लटकलेला, अशाने पत्ता असून दुकान बेपत्ता होते. नकाशावरची ही नोंद फुकट असते आणि छोट्या धंद्याला वेबसाइटआधी तीच करावी. सुट्टीचा वार बदलला तर त्याच दिवशी तिथेही बदलावा.

राहता राहिले गिऱ्हाईक. ‘ग्रह्’ धरणे, त्यावरून ‘ग्राहक’, आणि ग्रहणाचे गिऱ्हाण झाले त्याच वाटेने गिऱ्हाईक. कोकणात पाण्यात ओढून नेणारा ‘गिऱ्हा’ आहे, तोही याच धातूचा, धरणारा, असावा. पण ग्राहक पुल्लिंगी आणि गिऱ्हाईक नपुंसकलिंगी, हे कसे? जमीनदाराचे ‘कूळ’ नपुंसक, वकिलाचे ‘अशील’ही बहुधा तसेच, आणि लग्न जुळवणाऱ्याचे ‘स्थळ’ तर माणूस असून जागा झालेले. व्यवहारात समोर बसलेल्या पक्षाला मराठी हे लिंग का देत असावी, याचा एकही समाधानकारक खुलासा माझ्या पाहण्यात आलेला नाही. वाचकांपैकी कोणाला आणखी एखादा असा शब्द सुचला तर यादी चारावरून पाचावर जाईल.