सुई मागे राहिली

आशाताईंना नवजात बाळाच्या गृहभेटी शिकवताना मी आधी दिवस पाठ करून घ्यायची. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. बाळंतपण घरी झालं तर पहिलासुद्धा. पोरी पाढ्यासारखं म्हणत. २०११ साली दिल्लीहून परिपत्रक आलं आणि हे सुरू झालं, एवढंच त्यांना ठाऊक. मग मी गडचिरोलीकडे वळायची.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखाना लांब, त्यात ओली बाळंतीण घराबाहेर पडत नाही. आजारी बाळ घरातच राहणार, हे धरून त्यांनी गावातल्याच पाचवी-दहावी शिकलेल्या बाया तयार केल्या. नाव दिलं आरोग्यदूत. त्यांच्याजवळ थर्मामीटर, वजनकाटा, बाळाला उबेत ठेवायची पिशवी आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन! चार दिवसांच्या बाळाला गावातली बाई सुई टोचणार. मी नर्स, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला होता.

३९ गावांत हे चाललं, ४७ गावं तुलनेला होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आलं. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत, ते प्रमाण २.८ वर आलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं.

पण मला विचाराल तर सरकार हललं ते ‘कोवळी पानगळ’मुळे. २००१ चा हा अहवाल. अनेक संस्थांनी मिळून गावोगावचे बालमृत्यू मोजले आणि ते सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. रजिस्टरं भरणाऱ्या आम्हा बायांना त्यात नवल वाटलं नाही. जन्मून दोन तासांत गेलेलं मूल कोण नोंदवतं? पुढे सरकारने अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली.

२०११ मध्ये भेटी देशभर गेल्या, आशाला बाळामागे २५० रुपये ठरले. सुई मात्र तिच्या हाती आली नाही. २०१४ साली केंद्राने, बाळाला दवाखान्यात नेणं शक्यच नसेल तर, जेंटामायसिन द्यायची मुभा दिली, तीही एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सला. खात्याची भीती मला कळते. अर्धवट शिकलेला हात आणि चुकलेला डोस मीही पाहिलाय. पण गडचिरोलीतले आकडे भेटी आणि सुई दोन्ही मिळून आले होते, आणि आपण त्यातल्या सोप्या अर्ध्यालाच त्यांचं श्रेय देतो. प्रशिक्षणात धोक्याची लक्षणं शिकवून झाली, की मागच्या रांगेतून हमखास प्रश्न यायचा, ‘‘मॅडम, ॲम्ब्युलन्स येईस्तोवर आम्ही काय द्यायचं?’’