आयरिसचा गड्डा सोडून फुलदांडा का घेतला?

केळीचं टिश्यूकल्चर रोप आपल्या ओळखीचं. आयरिस हे थंड मुलखातलं शोभेचं फूल. दाढीवालं आयरिस आलं-हळदीसारखं गड्डा फोडूनच लावायचं. पण वर्षाला फुटवे मोजकेच, म्हणून नवा वाण बागांपर्यंत जायला फार वर्षं लागायची. बियाणं तर त्याहून हट्टी. कॉर्नेल विद्यापीठात रँडॉल्फ यांनी १९४०च्या दशकात बीतला कोंबच काढून आगरवर उगवला. उगवण लवकर झाली, पण बीचं रोप आईसारखं येत नाही, ती अडचण तशीच राहिली. १९७५ साली अमेरिकेतच मायर, फुचिगामी आणि रॉबर्ट्स यांनी फुलदांड्याचे तुकडे बाटलीत वाढवून रोपं केली. गड्डा मातीतला, जंतूंनी भरलेला, बाटली नासवतो. दांडा त्यामानाने स्वच्छ. तेवढ्या दांड्याचं फूल मात्र गेलं!