‘ट्रॅव्हल कार्डा’चे शुल्क वसूल होते का?

‘आपल्यासाठी खास ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड मंजूर झाले आहे’, ही गोड बातमी आता मध्यमवर्गीय घरांनाही नवी राहिलेली नाही. विमानतळावर, मॉलच्या दारात किंवा भर दुपारी भ्रमणध्वनीवर ती ऐकू येते. मोफत विमान तिकीट, लाउंजमध्ये प्रवेश, हॉटेलात सवलत, स्वागताचे पॉइंट अशी फायद्यांची यादी मोठ्या अक्षरात असते आणि वार्षिक शुल्काचा आकडा सर्वात खाली, बारीक टाइपात. हे शुल्क भरावे की न भरावे, हा प्रश्न वास्तविक पाचवीच्या अंकगणिताचा आहे; पण त्यातील एक संख्या बँक सांगत नाही आणि ग्राहक विचारत नाही, म्हणून तो अवघड होऊन बसतो. ती संख्या म्हणजे एका पॉइंटची रुपयातील किंमत.

प्रवासाच्या बदल्यात बक्षीस देण्याची ही कल्पना मूळची अमेरिकेतली. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी ‘अॅडव्हांटेज’ ही योजना आणली आणि १९८७ मध्ये तिला सिटी बँकेच्या क्रेडिट कार्डाची जोड मिळाली. तेव्हापासून विमानात न बसताही ‘माइल्स’ जमू लागले. किराणा भरा, कपडे घ्या, हॉटेलात जेवा, प्रत्येक शंभर रुपयांमागे काही पॉइंट खात्यात पडतात. हा पैसा आकाशातून पडत नाही. कार्डाने केलेल्या प्रत्येक व्यवहारावर दुकानदाराला बँकेकडे काही टक्के शुल्क द्यावे लागते. त्यातला हिस्सा, ग्राहकाचे वार्षिक शुल्क आणि थकबाकीदारांकडून येणारे व्याज या तिन्हींतून पॉइंटांची गंगाजळी भरत असते. म्हणजे वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्याची सहल काही अंशी न भरणाऱ्याच्या खर्चाने होते, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

शुल्काचा खरा आकडा

जाहिरातीत ‘वार्षिक शुल्क फक्त ५,००० रुपये’ असे लिहिलेले असले तरी त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे प्रत्यक्षात खिशातून ५,९०० रुपये जातात. हिशेब करताना आरंभ याच आकड्यापासून करायला हवा.

पुण्यातील एक चौकोनी कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. कार्डावर महिन्याला सरासरी ३०,००० रुपये खर्च होतात, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. मात्र त्यातील महिन्याचे ८,००० रुपये पेट्रोल, विमा हप्ता आणि वीजबिलात जातात. अनेक कार्डांवर इंधन, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम, सरकारी देणी यांना पॉइंटच मिळत नाहीत. विमा आणि वीजबिलावर कुठे कमी मिळतात, कुठे मर्यादा असते, तर कुठे काहीच नाही. या उदाहरणापुरते हे तिन्ही खर्च बाद धरले, तर मोजणीत येणारा खर्च उरतो २ लाख ६४ हजार. त्यात दिवाळीच्या सहलीची विमान तिकिटे ६०,००० रुपयांची आहेत.

आता कार्डाची अट अशी समजा की, विमान तिकिटांवर शंभर रुपयांमागे ५ पॉइंट आणि अन्य खर्चावर २ पॉइंट. तिकिटांचे ३,००० आणि उरलेल्या २ लाख ४ हजार रुपयांचे ४,०८० मिळून वर्षभरात ७,०८० पॉइंट जमले. आकडा भरघोस वाटतो. परंतु बँकेच्या संकेतस्थळावरून तिकीट काढताना एका पॉइंटचे ५० पैसेच मिळत असतील, तर या साऱ्याची किंमत होते ३,५४० रुपये. शुल्क ५,९००. तोटा २,३६० रुपयांचा.

आणि तोटा खरे तर याहूनही मोठा आहे. या कुटुंबाने कोणतेही वार्षिक शुल्क नसलेले, सरसकट एक टक्का रोख परतावा देणारे साधे कार्ड वापरले असते, तर त्याच खर्चावर २,६४० रुपये बिनबोभाट परत आले असते. म्हणून दोन कार्डांतील खरा फरक बरोबर ५,००० रुपयांचा. तुलना नेहमी ‘कार्ड आहे’ आणि ‘कार्ड नाही’ यांच्यात केली जाते, तिथेच गल्लत होते. ती करायला हवी दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या, फुकटच्या कार्डाशी.

हेच पॉइंट एखाद्या विमान कंपनीच्या योजनेत वळते करून, नेमके तिकीट हेरून, पॉइंटमागे एक रुपया मिळवता आला तर? तर ७,०८० रुपयांचा लाभ, शुल्क वजा जाता १,१८० रुपये शिल्लक. तरीही फुकटचे कार्ड १,४६० रुपयांनी पुढेच. या दराने शुल्काचे कार्ड साध्या कार्डाच्या बरोबरीला येण्यासाठी मोजणीत येणारा वार्षिक खर्च सुमारे साडेतीन लाखांवर जावा लागतो, आणि पॉइंटचा दर ५० पैसेच राहिला तर सतरा लाखांच्या पुढे. घर तेच, कार्ड तेच, खर्चाची विभागणी तीच. बदलली ती फक्त पॉइंटची किंमत.

पॉइंटची किंमत कशी काढावी

रीत सोपी आहे. जे तिकीट एरवी पैसे देऊन काढलेच असते, त्याचे रोख भाडे घ्यावे. पॉइंट वापरूनही जे कर व शुल्क रोखीने भरावे लागतात, ते वजा करावेत. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटांनी भागावे. समजा मुंबई-दिल्ली तिकीट ६,२०० रुपयांचे आहे आणि त्यासाठी ५,००० पॉइंट व १,२०० रुपये लागतात. तर पॉइंटची किंमत एक रुपया. तेच तिकीट आठवड्याभराने ४,२०० रुपयांना मिळू लागले आणि पॉइंट तेवढेच लागले, तर किंमत ६० पैशांवर येते. चादरी, मिक्सर किंवा खरेदीची व्हाउचर घेण्यासाठी पॉइंट खर्च केले तर बहुधा हा दर आणखी घसरतो.

येथे एक मोहाचा सापळा असतो. बिझनेस क्लासचे दीड लाखाचे तिकीट ६०,००० पॉइंटांत मिळाले, म्हणजे पॉइंटला अडीच रुपये पडले, असे अभिमानाने सांगणारे भेटतात. पण त्या गृहस्थांनी पॉइंट नसते तर ३५,००० रुपयांचे साधे तिकीटच काढले असते. म्हणजे वाचले ३५ हजार, आणि पॉइंटची किंमत ६० पैशांहूनही कमी. ऐसपैस आसनाचे सुख खरे. त्याची किंमत ज्याने त्याने ठरवावी, मात्र ती बचतीच्या रकान्यात मांडू नये.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. पॉइंटांवर मिळणाऱ्या स्वस्त जागा मर्यादित असतात आणि गर्दीच्या दिवसांत त्या हाती लागणे कठीण होते. शाळकरी मुले असलेल्या मराठी कुटुंबाचा प्रवास दिवाळी आणि मे महिना यांनाच बांधलेला. एकटा, सवडीने कधीही निघू शकणारा प्रवासी ज्या दराने पॉइंट वापरतो, तो दर या कुटुंबाच्या वाट्याला क्वचितच येतो. आणि ज्यांची सहल कोकण रेल्वेने आणि एसटीनेच होते, त्यांनी या कार्डाच्या वाटेला न गेलेलेच बरे.

लाउंज, स्वागत आणि टप्पे

लाउंजचा लाभ अनेकजण दरडोई हजार रुपयांचा धरतात. विमानतळावर एरवी चहा-सँडविचवर तीनशे-चारशे रुपयेच खर्च झाले असते, तर लाभ तेवढाच. शिवाय बऱ्याच कार्डांवर मोफत प्रवेश फक्त कार्डधारकाला असतो. चौघांपैकी एक आत आणि तिघे बाहेर, हे दृश्य फारसे आनंदाचे नाही. ही सोयही आता अटींवर आली आहे. आयसीआयसीआय बँकेने १ एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांवर मागील तिमाहीत ३५,००० रुपये खर्च केल्याशिवाय मोफत प्रवेश बंद केला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ही मर्यादा ७५,००० रुपयांवर नेली.

स्वागताचे पॉइंट एकदाच मिळतात. वरील कुटुंबाला पहिल्या वर्षी ५,००० पॉइंट जादा मिळाले, तर ५० पैशांच्या दरानेही शुल्क कसेबसे भरून निघते. १४० रुपये वर उरतात. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी. त्या वर्षी भेट नसते, शुल्क मात्र येतेच. टप्प्यांच्या बक्षिसांचेही असेच. ‘वर्षाला ३ लाख खर्च केल्यास २,५०० पॉइंट अधिक’ या वाक्याने २ लाख ६४ हजारांवर थांबलेल्या घराला वाटते, आणखी छत्तीस हजार करून टाकू. ५० पैशांच्या दराने १,२५० रुपयांच्या बक्षिसासाठी छत्तीस हजारांची अनावश्यक खरेदी, हा सौदा कागदावर लिहून पाहिला तर कोणी करणार नाही. पुढल्या महिन्यात येणारच असलेला मोठा खर्च थोडा अलीकडे ओढला, तर गोष्ट वेगळी.

नियम बदलतात

पॉइंटांवर व्याज मिळत नाही, आणि त्यांची किंमत ठरविण्याचा अधिकार देणाऱ्याकडे असतो. अॅक्सिस बँकेच्या ‘मॅग्नस’ कार्डाची कथा या बाबतीत बोलकी आहे. महिन्याला एक लाख रुपये खर्च करणाऱ्यास २५,००० पॉइंट जादा मिळत आणि ते पाचास चार या प्रमाणात विमान कंपन्यांच्या योजनांत वळते करता येत. १ सप्टेंबर २०२३ पासून हे मासिक बक्षीस बंद झाले, सर्वसाधारण कार्डधारकांसाठी प्रमाण पाचास दोन झाले, वार्षिक शुल्क १० हजारांवरून १२,५०० रुपये झाले आणि शुल्कमाफीसाठी लागणारा वार्षिक खर्च १५ लाखांवरून २५ लाखांवर गेला. ज्यांनी पॉइंट वेळच्या वेळी वापरले त्यांची चैन झाली. ‘पुढे कधीतरी मोठ्या सहलीसाठी’ साठवून ठेवणाऱ्यांच्या संचयाची किंमत निम्म्यावर आली.

विमान कंपनीचे नाव असलेल्या कार्डात तर कंपनीचे भवितव्यही गुंतलेले असते. जेट एअरवेजचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी थांबले. व्हिस्टारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. सदस्यांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले, पण ज्या मोफत तिकिटांच्या व्हाउचरसाठी लोकांनी व्हिस्टाराची कार्डे घेतली होती, ती कार्डे बँकांनी क्रमाक्रमाने गुंडाळली. म्हणून शुल्क भरण्याचा निर्णय एका वर्षापुरताच घ्यावा, आणि पॉइंट साठवण्यापेक्षा वापरण्याकडे कल ठेवावा.

परदेशप्रवासाचा वेगळा हिशेब

मुलामुलींकडे अमेरिकेत किंवा युरोपात दोन-चार महिने जाणाऱ्या आई-वडिलांसाठी पॉइंटांपेक्षा परकीय चलनातील अधिभार महत्त्वाचा. अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो, करासह ४.१३ टक्के. दोन लाखांच्या खर्चावर ८,२६० रुपये केवळ या कारणाने जातात. अधिभार दोन टक्के असलेल्या कार्डावर हीच रक्कम ४,७२० होते, आणि अधिभार अजिबात न घेणारी काही कार्डे वार्षिक शुल्काशिवायही मिळतात. तेथील दुकानात ‘बिल रुपयांत हवे का’ असे विचारले गेल्यास नकार द्यावा; त्या रूपांतराचा दर सहसा महागच पडतो.

हे सारे गणित बिल दरमहा पूर्ण भरणाऱ्यांसाठी आहे. ५०,००० रुपये थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असले, तर एका महिन्याचे व्याज १,७५० रुपये व त्यावरील कर ३१५, एकूण २,०६५ रुपये. वरील कुटुंबाच्या वर्षभराच्या ३,५४० रुपयांच्या कमाईतील निम्म्याहून अधिक भाग एका महिन्यात गेला. ‘किमान देय रक्कम’ भरल्याने विलंब आकार टळतो, व्याज टळत नाही. उलट नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागू होते. अशा घराने पॉइंटांचा विचारच बाजूला ठेवावा.

कार्ड आधीपासून हाती असेल तर नूतनीकरणाचा महिना पाहून त्याआधी महिनाभर वर्षाचा हिशेब काढावा. किती पॉइंट जमले, प्रत्यक्षात किती रुपयांना वापरले, लाउंजमध्ये खरोखर किती वेळा गेलो, शुल्कमाफीची मर्यादा ओलांडली का. तोटा दिसत असेल तर ग्राहकसेवेला दूरध्वनी करून शुल्क माफ करण्याची किंवा बिनशुल्काचे कार्ड देण्याची मागणी करावी. ती मान्य झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. नाही झाली, तर आधी पॉइंट वापरून किंवा वळते करून घ्यावेत, कारण कार्ड बंद होताच ते बहुधा बुडतात, आणि मग लेखी विनंती करावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार थकबाकी नसलेले कार्ड सात कामकाजी दिवसांत बंद करणे बँकेवर बंधनकारक करण्यात आले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला देण्याची तरतूद झाली. शुल्क वाढविण्याआधी किमान महिनाभर सूचना देणे आणि त्या वाढीमुळे कार्ड परत करणाऱ्याकडून कसलाही जादा आकार न घेणे, हेही त्याच निर्देशांत आहे. विनंतीची तारीख व तक्रार क्रमांक टिपून ठेवावा.