गॅदरिंग, क्लब आणि करंडक

पुण्याच्या सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिर ज्या भरत नाट्य संशोधन मंदिर या संस्थेचे आहे, तिचा आरंभ १८९४ साली झाला, तेव्हा तिने ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ असे नाव धारण केले होते. या नावात नाटकाचा कोठेही निर्देश नाही, आणि मराठी विद्यार्थी-रंगभूमीचा इतिहास समजून घेताना हीच गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. कारण समवयस्कांनी एके ठिकाणी जमावे, ओळखी वाढवाव्यात, संध्याकाळ एकमेकांच्या सहवासात घालवावी ही तरुणांची मूळ गरज होती, आणि नाटक हे त्या जमण्याचे सर्वांत समर्थ निमित्त ठरले.

मुंबईत याचा पूर्वरंग आधीच घडला होता. १८४६ साली उभ्या राहिलेल्या ग्रँट रोड थिएटरात १८५३ साली विष्णुदास भावे यांच्या मंडळींनी खेळ केले, आणि त्याच वर्षी एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेच्या संस्कारात वाढलेल्या तरुणांच्या पुढाकाराने पारशी नाटक मंडळी तेथे उभी राहिली. पुण्यातील स्थिती मात्र काहीशी वेगळी होती. तेथील सुशिक्षित वर्गाला शेक्सपिअर आणि कालिदास वाचनात प्रिय होते, गोपाळ गणेश आगरकरांसारख्या विचारवंताने ‘हॅम्लेट’चे रूपांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली प्रसिद्धही केले होते. परंतु गावोगाव फिरणाऱ्या धंदेवाईक नाटक मंडळ्यांतील नटाचे जिणे हे घरंदाज मुलाला शोभणारे नव्हे, असा समज घराघरांत घट्ट होता. विद्यार्थ्यांच्या हौशी प्रयोगांनी या समजाला जो धक्का दिला तो वादविवादाने दिलेला नव्हता. रंगमंचावर उभा असलेला मुलगा आपल्याच वर्गात बसणारा, उद्या परीक्षेला आपल्याच शेजारी असणारा आहे, एवढी जाणीव प्रेक्षकांतील मुलांना पुरेशी होती.

महाविद्यालयांत या जमण्याला ‘सोशल गॅदरिंग’ हा इंग्रजी शब्द रूढ झाला, त्याला पुढे ‘स्नेहसंमेलन’ असा प्रतिशब्द मिळाला, तरी बोलण्यात ‘गॅदरिंग’ हेच नाव टिकले. बक्षीस समारंभ, पाहुण्यांचे भाषण, गाण्याची मैफल आणि अखेरीस नाटक असा त्याचा सर्वसाधारण क्रम असे. दीर्घकाळपर्यंत स्त्रीभूमिका मुलगेच करीत आणि उसन्या लुगड्याचा काष्टा सावरत रंगमंचावर वावरणाऱ्या वर्गमित्राला मिळणारी दाद ही अभिनयाइतकीच त्याच्या धाडसालाही असे. गॅदरिंगची आणखी एक खास प्रथा म्हणजे ‘फिशपाँड’: विद्यार्थ्यांनी आपल्या मित्रमैत्रिणींवर, कधी प्राध्यापकांवरही, निनावी चिठ्ठ्या लिहून पेटीत टाकायच्या आणि निवेदकाने त्या सर्वांसमक्ष एकेक करून वाचायच्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघे त्याच्याकडे सभागृहातील साऱ्या माना वळत, आणि क्षणभर प्रेक्षकांतील तो विद्यार्थीच पात्र होऊन जाई. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांतील अंतर असे पुसून टाकणारा प्रकार अन्य कोणत्याही प्रेक्षकवर्गाला रुचला नसता. तो समवयस्कांच्या विश्वासावरच उभा होता.

या सैल, घरगुती परंपरेला शिस्तीचे रूप दिले ते १९६३ साली महाराष्ट्रीय कलोपासक या पुण्यातील संस्थेने सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेने. एकांकिका म्हणजे एका बैठकीत, मध्यंतराशिवाय संपणारे नाटक. स्पर्धेने त्याला सुमारे तासाभराची मर्यादा घातली, आणि या मर्यादेने लेखनापासून नेपथ्यापर्यंत, म्हणजे रंगमंचावरील देखाव्याच्या मांडणीपर्यंत, सर्वच बाबतींत काटकसर शिकवली. दोन लाकडी लेव्हल्स म्हणजे चौथरे, एक खुर्ची आणि प्रकाशाचा एक झोत यांवर अख्खे गाव उभे करण्याचे कसब अनेकांनी येथेच कमावले. स्पर्धेचे व्यवस्थापन जाणत्यांकडे असले, तरी ती जेथे भरते त्या भरत नाट्य मंदिराचे वातावरण विद्यार्थ्यांच्याच ताब्यात राहिले. पडदा उघडण्यापूर्वी ‘अरे आव्वाज कुणाचा’ असा सवाल एका टोकाकडून उठतो, दुसऱ्या टोकाकडून महाविद्यालयाच्या नावाचा गजर होतो, आणि दिवे मंद होताच तोच जमाव आश्चर्यकारक एकाग्रतेने शांत बसतो. या गोंगाटाला काहींनी वेळोवेळी उथळ ठरवले आहे. तथापि तो स्पर्धेला लागलेला दोष नव्हे, तर गॅदरिंगकडून आलेला तिचा वारसा आहे, आणि त्याच्यावाचून ही स्पर्धा केवळ परीक्षा होऊन राहिली असती, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

या वातावरणाचा परिणाम महाविद्यालयाच्या भिंतींबाहेरही पोहोचला. १६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग याच भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणीसांची भूमिका करणारे मोहन आगाशे हे दोघेही वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच रंगभूमीकडे ओढले गेलेले होते, तर त्यांचे सहकारी सतीश आळेकर यांचे शिक्षण जीवरसायनशास्त्राचे. नाटकावरून संस्थेत मतभेद झाले, तेव्हा या तरुणांनी १९७३ साली थिएटर अकॅडमी ही स्वतंत्र संस्था काढली. समवयस्कांनी एकत्र येऊन, आपले निर्णय आपण घेऊन, एक प्रयोग तडीस नेण्याची सवय असल्याशिवाय इतक्या तातडीने नवी संस्था उभी राहणे अवघड होते.

स्पर्धेने परीक्षकांच्या निकषांनाही धार ठेवली. २०२२ साली अंतिम फेरीनंतर एकही एकांकिका करंडकास पात्र नाही असा निर्णय परीक्षकांनी दिला आणि मुख्य करंडक कोणालाच दिला गेला नाही. त्यावर विद्यार्थ्यांत आणि रंगकर्मींत तीव्र चर्चा झाली. अशा चर्चेचे स्थान मात्र केवळ वृत्तपत्रांत नसते. एक एकांकिका संपून दुसरीचे नेपथ्य लागेपर्यंतच्या थोड्या वेळात प्रेक्षागृहाबाहेर विद्यार्थ्यांचे घोळके जमतात, नुकताच पाहिलेला प्रसंग चहाच्या पेल्यासोबत पुन्हा रचला जातो, आणि मेकअप न पुसताच बाहेर आलेला नट आपल्या प्रतिस्पर्धी महाविद्यालयाच्या मुलांना ‘कसं झालं?’ असे विचारत त्या घोळक्यात मिसळतो.